माझ्या नोंदीतून निघालेला नकार : आरोग्य विमा कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
आरोग्य विमा कंपन्यांचे वैद्यकीय अधिकारी व दावे विभाग,
तसेच विमा व्यवसायावर देखरेख ठेवणारे नियामक

स. न. वि. वि.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मान, खांदे आणि पाठ यांची दुखणी हा माझा रोजचा विषय. स्तनांच्या वजनामुळे मान-पाठ धरलेल्या स्त्रिया माझ्याकडे नेहमी येतात. काही जणी दुखणं थांबावं म्हणून येतात. काहींना तुम्ही पाठवलेलं असतं. 'आधी काही महिने फिजिओथेरपी घ्या, तिचा अहवाल जोडा, मग शस्त्रक्रियेच्या खर्चाचं बघू,' असं तुम्ही त्यांना कळवलेलं असतं. अशा वेळी समोरच्या बाईला माझ्याकडून उपचारापेक्षा कागद जास्त हवा असतो, आणि त्यात तिची काहीच चूक नसते.

हे पत्र जाहीरपणे लिहायचं मी एका नामंजुरीपत्रामुळे ठरवलं. माझ्या एका रुग्णाने ब्रेस्ट रिडक्शनसाठी, म्हणजे स्तनांचं वजन आणि आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, विम्याची पूर्वमंजुरी मागितली होती. ती नाकारताना आधार म्हणून माझी नोंद दिली होती : 'फिजिओथेरपीने वेदना कमी झाल्याचे दिसून येते.' मी लिहिलं होतं ते असं : 'उपचारानंतर वेदना कमी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पूर्ववत. स्नायू सैल होतात, पण भार कायम असल्याने आराम टिकत नाही. शस्त्रक्रियेसाठी पाठवावे.' माझ्या चार वाक्यांतलं पहिलं तुम्ही उचललंत आणि उरलेली तीन गाळलीत. ती बाई ते पत्र घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर मला बरं केलंय म्हणे." तिचा आवाज चढला नव्हता. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. तिच्या परवानगीने, तिची ओळख पटेल असं काहीही न सांगता, मी हे लिहिते आहे. माझी नोंद जर नकारासाठी वापरली जाणार असेल, तर ती पूर्ण वाचली जावी हे सांगायचा मला हक्क आहे, आणि तिचं दुखणं काय आहे हे सांगणं माझं कामच आहे.

आधी या दुखण्याबद्दल, कारण तुमची पत्रं वाचून असं वाटतं की फाइल बघणाऱ्याने ते कधी जवळून पाहिलेलंच नाही.

भरलेली बादली अंगाशी धरली तर पेलते. तीच हात पुढे करून धरली की खांदा लगेच भरून येतो. वजन तेवढंच असतं, ते शरीरापासून किती पुढे आहे यावर स्नायूंचे कष्ट ठरतात. जड स्तन हा पाठीच्या कण्यापुढे लटकलेला भार आहे. तो शरीराला पुढे आणि खाली ओढतो, आणि ते ओढणं सावरायला मानेच्या मागचे, खांद्याच्या पात्यांमधले स्नायू जागेपणी अखंड ताणलेले राहतात. हळूहळू खांदे पुढे गोल होतात, पाठीच्या वरच्या भागाला बाक येतो, मान पुढे झुकते. तो भार उचलून धरायचं काम ब्राच्या पट्ट्यांकडे असतं. त्यामुळे खांद्यांवर खाचा पडतात, त्या जागी कातडी काळवंडते, आणि काही जणींना तिथल्या दाबाने हाताला मुंग्या येतात, करंगळी बधिर होते. डोकेदुखी असते. उताणं झोपलं की छातीवर दडपण येतं, पालथं झोपता येत नाही.

आणि स्तनांखालची त्वचा. तिथे घाम साचतो, कातडीला कातडी घासते, लालसर पुरळ उठतं, त्यावर बुरशीचा संसर्ग होतो, कधी चिरा पडून पाणी सुटतं. मलम लावलं की बरं होतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा येतं, कारण ती घडी तशीच असते. बायका याबद्दल आपणहून बोलत नाहीत. मान दाखवायला आलेली बाई, ओळख झाल्यावर, जाता जाता, दार अर्धं उघडून, हळूच विचारते. तुमच्या फॉर्मवर या त्रासासाठी 'उपचाराच्या तारखांसह नोंदी' मागितलेल्या असतात. लाजेपोटी जी गोष्ट डॉक्टरला सांगितलीच नाही, तिच्या तारखा कुठून येणार?

या सगळ्याला फिजिओथेरपी काय करते ते मी प्रामाणिकपणे सांगते. ताठरलेले स्नायू मोकळे होतात. पाठीचे, पोटाचे, खांद्याच्या पात्याभोवतीचे स्नायू बळकट झाले की भार थोडा अधिक वेळ पेलतो. बसायची-उठायची पद्धत सुधारते. हे खरं आहे आणि ते मी प्रत्येकीला करून देते. पण कोणताही व्यायाम स्तनातली ग्रंथी आणि चरबी काढून टाकू शकत नाही. भार हाच आजाराचं कारण असेल तर मी त्याभोवती काम करते, त्याच्यावर करू शकत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार ग्रॅमची आहे, आणि तीच सगळ्यात मोठी आहे. शस्त्रक्रिया 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक' आहे की नाही हे ठरवण्यासाठी अनेक विमा कंपन्या प्रत्येक बाजूने किती ग्रॅम ऊती काढली जाणार, हे विचारतात. कुठे सरसकट ५०० ग्रॅमची अट असते, कुठे श्नर तक्ता वापरतात. पॉल श्नर या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने सहकाऱ्यांसोबत १९९१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी इतर प्लास्टिक सर्जनना विचारून रुग्णांची उंची, वजन, काढलेल्या ऊतीचं वजन आणि शस्त्रक्रियेमागचं कारण यांची माहिती जमवली, आणि शरीराच्या पृष्ठफळानुसार, म्हणजे उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या बाह्य क्षेत्रफळानुसार, किती ग्रॅमच्या वर शस्त्रक्रिया गरजेची मानायची याची एक रेषा आखली. म्हणजे त्या तक्त्याच्या मुळाशी सर्जननी दिलेली उत्तरं आहेत. रुग्णाची मान किती दुखते, हाताला मुंग्या किती वेळा येतात, हे त्यात कुठेच मोजलेलं नाही.

तो तक्ता प्रत्यक्षात काय करतो बघा. १६० सेंमी उंची आणि ६५ किलो वजनाच्या स्त्रीचं पृष्ठफळ साधारण १.७० चौरस मीटर येतं. तिच्या प्रत्येक बाजूने ३७० ग्रॅम निघायला हवेत. त्याच उंचीच्या, ९० किलो वजनाच्या स्त्रीचं पृष्ठफळ २.०० येतं, तिच्यासाठी तोच आकडा ६२८ ग्रॅम होतो. दोघींच्या खांद्यांवर सारख्याच खोल खाचा असल्या, दोघींच्या करंगळ्या सारख्याच बधिर असल्या, तरी एकीच्या बाबतीत ४०० ग्रॅम हा उपचार ठरतो आणि दुसरीच्या बाबतीत तोच ४०० ग्रॅम 'सौंदर्यासाठी' ठरतो. हा फरक कोणत्या वैद्यकीय कारणाने पडतो, हे मला कोणी समजावून सांगावं.

शिवाय हा आकडा शस्त्रक्रियेआधी अंदाजाचाच असतो. सर्जन मोजमापं घेऊन, हाताने तपासून अंदाज बांधतो. ग्रंथीची ऊती चरबीपेक्षा घन असते, त्यामुळे एकाच आकाराच्या दोन स्तनांमधून निघणारं वजन वेगळं असू शकतं. खरा आकडा काढलेली ऊती तराजूवर ठेवल्यावरच कळतो. तो अटीपेक्षा थोडा कमी भरला तर ऑपरेशन होऊन गेल्यावर क्लेम अडकण्याची भीती रुग्णाच्या डोक्यावर राहते, आणि टेबलावर सर्जनच्या हातावरही तिचं दडपण येतं. किती ऊती काढायची हे स्तनाग्राचा रक्तपुरवठा, त्वचेचा ताण आणि त्या स्त्रीची इच्छा यांवरून ठरायला हवं. जास्त काढण्याचे धोके त्या स्त्रीच्या अंगावर येतात, तुमच्या नाही.

या प्रश्नाचं उत्तर विज्ञानाने फार आधी दिलेलं आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वजन कमी करणं, फिजिओथेरपी, खास ब्रा, औषधं यांतल्या कशानेही कायमचा आराम मिळत नाही, शस्त्रक्रियेने मिळतो, आणि तो स्त्रीचं वजन, ब्राचा आकार किंवा काढलेल्या ऊतीचे ग्रॅम यांवर अवलंबून नसतो, असं त्यातून दिसलं. त्याच संशोधकांनी गरज ओळखायची सोपी पद्धतही सुचवली : पाठीच्या वरच्या भागातलं दुखणं, मानदुखी, खांदेदुखी, हातदुखी, बधिरपणा, पुरळ आणि ब्राच्या पट्ट्यांच्या खाचा या सात लक्षणांपैकी किमान दोन लक्षणं बहुतेक वेळ किंवा सतत असतील, तर शस्त्रक्रिया वैद्यकीय गरज मानावी. अमेरिकन प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने २०२२ मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वं दिली. अनेक लक्षणं असतील तर शस्त्रक्रिया हाच पहिला उपचार म्हणून द्यावा, आणि निर्णय काढलेल्या वजनावरून नव्हे, लक्षणांवरून घ्यावा, असं त्यांत म्हटलं आहे. हे सगळं तुमच्या वैद्यकीय विभागाला सहज मिळण्यासारखं आहे. तरी माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत अजून ग्रॅमच असतात.

दुसरी तक्रार. 'आधी वजन कमी करा.' हे वाक्य इतक्या सहज लिहिलं जातं की त्याचं पुढे काय होतं हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. ज्या स्त्रीच्या स्तनांत ग्रंथीची ऊती जास्त आहे, तिचं बाकी शरीर बारीक झालं तरी स्तन फारसे उतरत नाहीत. ज्यांचे थोडे उतरतात, त्यांची त्वचा सैल होऊन स्तन आणखी खाली ओघळतात आणि घडीतला संसर्ग वाढतो. वजन घटवायला पळावं, उड्या माराव्या, जोरात चालावं लागतं, आणि नेमकं तेच त्यांना करता येत नाही. प्रत्येक पावलाला स्तन वर-खाली आणि दोन्ही बाजूंना हलतात, दुखतात, लोक बघतात. मी एकीसाठी पोहणं सुचवलं, तर पोहण्याच्या कपड्यात सगळ्यांसमोर उभं राहायचं या कल्पनेनेच ती दोन पावलं मागे सरली. आणि एवढं सगळं करून जिने वजन उतरवलंच, तिच्या स्तनांतून आता ५०० ग्रॅम निघणार नाहीत म्हणून तिचा अर्ज बाद होऊ शकतो. अट पाळली म्हणून अपात्र, नाही पाळली म्हणूनही अपात्र. लठ्ठपणामुळे जखम भरायला वेळ लागतो, गुंतागुंत वाढते, हे खरं आहे. ते सर्जनने आणि भूलतज्ज्ञाने रुग्णाशी बोलून ठरवायचं आहे. शस्त्रक्रियेचा धोका किती आणि शस्त्रक्रियेची गरज किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहू नका.

तिसरी तक्रार तपासण्यांची. मानेचा एमआरआय मागवला जातो. तो नॉर्मल आला तर 'दुखण्याला कारण आढळले नाही' म्हणून नकार. त्यात मणक्यांची थोडी झीज दिसली, जी वय वाढलं की दुखणं नसलेल्या माणसांतही दिसते, तर 'दुखणे मणक्याचे आहे, स्तनांचे नाही' म्हणून नकार. इकडे आड, तिकडे विहीर. स्नायूंवरचा ताण एमआरआयच्या चित्रात शोधून सापडत नाही. तो तपासताना हाताला लागतो, मान किती अंश वळते यात दिसतो, ठरावीक प्रश्नावलीत मोजता येतो. स्तनांच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर रुग्णाला काय वाटतं हे मोजण्यासाठी खास तयार केलेली ब्रेस्ट-क्यू नावाची प्रश्नावली २००९ पासून उपलब्ध आहे. मोजायचंच असेल तर साधनं आहेत.

चौथी तक्रार लिहिताना मला राग आवरावा लागतो. फोटो. गळ्यापासून नाभीपर्यंत, समोरून आणि बाजूने, कपड्यांशिवाय. सर्जनला शस्त्रक्रियेच्या नियोजनासाठी फोटो लागतात, ते तो रुग्णाच्या संमतीने काढतो आणि स्वतःकडे जपून ठेवतो; त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तेच फोटो ईमेलला जोडून पाठवा, पोर्टलवर चढवा, अस्पष्ट आहेत म्हणून परत पाठवा, असं सांगितलं जातं. ते कोण उघडतं? किती जण बघतात? नकार दिल्यावर त्यांचं काय होतं? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मी पाहिलेल्या कोणत्याही पत्रात नव्हतं. आयुष्यभर अनोळखी नजरा छातीवर झेलत आलेल्या बाईला आणखी एका अनोळखी खोलीत स्वतःचे उघडे फोटो पाठवायला सांगताना दोन ओळींचा खुलासा द्यावा, एवढंही कोणाला सुचलं नाही. माझ्या ओळखीतल्या एकीने एवढ्या एकाच कारणाने अर्ज मागे घेतला. ती अजून दुखण्यासकट काम करते.

पाचवी छोटी आहे. नामंजुरीपत्रावर निर्णय घेणाऱ्या डॉक्टरचं नाव नसतं, त्याची शाखा नसते, पॉलिसीचं कोणतं कलम लागू केलं हे नसतं. 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही' एवढंच. याला उत्तर कसं द्यायचं?

मला तुमची बाजू समजते. पॉलिसीत दिसणं बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रिया वगळलेल्या असतात आणि ते योग्य आहे. स्तन मोठे करणं किंवा फक्त उचलून घेणं याचा खर्च इतर विमाधारकांच्या हप्त्यांतून निघावा, असं मी म्हणत नाही. केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया उपचार म्हणून खपवली जाईल ही तुमची भीतीही निराधार नाही. पण वगळलेल्या उपचारांच्या त्याच कलमात अपघात, भाजणं आणि कर्करोगानंतरची पुनर्रचना यांना अपवाद केलेला असतो, आणि कित्येक पॉलिसींत वैद्यकीय गरजेचा अपवादही लिहिलेला असतो. माझा सगळा युक्तिवाद त्या अपवादापुरताच आहे.

अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असं ठरवलं की ज्या विम्यात कर्करोगामुळे स्तन काढण्याचा खर्च मिळतो, त्यात दुसरा, निरोगी स्तन जुळता करण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचाही खर्च द्यावा लागेल. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून केलेलं रिडक्शन उपचाराचा भाग मानलं गेलं, आणि ते रास्तच होतं. मग मान वळत नाही, हात बधिर होतो, कातडी फाटते म्हणून केलेलं तेच रिडक्शन शोभेचं कसं ठरतं?

आणि ही शस्त्रक्रिया कोणी हौसेने करून घेण्यासारखी नाही. पूर्ण भूल द्यावी लागते, काही तास जातात. जास्तीची ग्रंथी, चरबी आणि त्वचा काढून स्तनाग्र त्याच्या रक्तपुरवठ्यासह वर सरकवलं जातं. नेहमीच्या पद्धतीत स्तनाग्राभोवती, तिथून खाली आणि घडीच्या रेषेत असा जहाजाच्या नांगराच्या आकाराचा व्रण कायम राहतो. व्रणांच्या सांध्यावरची जखम कधी कधी लवकर भरत नाही. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, जाऊही शकते. पुढे बाळाला अंगावर पाजता येईल याची खात्री देता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांना सर्जनने हे सगळं सांगितलेलं असतं. त्यांतल्या तरुण मुली दूध पाजण्याबद्दल विचार करून, रडून, घरच्यांशी बोलून निर्णयापर्यंत आलेल्या असतात. इतकी किंमत मोजायला तयार असलेल्या बाईला 'तुम्हाला फक्त छान दिसायचंय' असं कळवणं हा तिचा अपमान आहे.

नंतर काय होतं तेही मी पाहिलं आहे, कारण शस्त्रक्रियेनंतर खांद्यांची हालचाल पूर्ववत करायला यांतल्या काही जणी परत माझ्याकडेच येतात. जखमा ओढत असतात, हात वर न्यायची भीती असते, आणि तरीही मान मोकळी झालेली असते. जे व्यायाम आधी महिनोन्‌महिने करून टिकत नव्हते, ते आता टिकतात. पाठ सरळ करायला सांगावं लागत नाही, ती आपोआप सरळ होते. माझ्या कामाचं फळ मला त्यांच्यात भार उतरल्यानंतर दिसतं, आधी नाही. म्हणूनच 'आधी फिजिओथेरपी, मग विचार' हा क्रम बहुतेकींच्या बाबतीत उलटा आहे, असं मी माझ्या अनुभवावरून ठामपणे सांगते. त्या वाट पाहण्याच्या काळात बाक वाढतो, संसर्ग परत परत येतो, वेदनाशामक गोळ्या वाढत जातात आणि पोट बिघडतं.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत.

ब्रेस्ट रिडक्शनच्या मंजुरीसाठी ग्रॅमची अट, मग ती सरसकट असो वा तक्त्यातली, काढून टाका. त्या जागी लक्षणं, त्यांचा कालावधी आणि तपासणाऱ्या डॉक्टरचा अहवाल हा निकष लिहा, आणि तो पॉलिसीच्या कागदात छापा, म्हणजे अर्ज करण्याआधीच तो स्त्रीला वाचता येईल.

फिजिओथेरपी, खास ब्रा, वजन घटवणं यांची सक्तीची मुदत बंद करा. ज्या रुग्णाला त्याचा फायदा होईल तिला आम्ही ते सुचवूच. मंजुरीची पूर्वअट म्हणून ते नको.

फोटो मागू नका. सर्जनने प्रत्यक्ष तपासून दिलेला लेखी अहवाल पुरेसा माना. एखाद्या प्रकरणात फोटो अपरिहार्यच वाटले, तर ते का हवेत, कोण बघणार आणि कधी नष्ट होणार हे आधी लेखी कळवा, आणि दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी करून घेण्याचा पर्याय रुग्णाला द्या.

अर्जाचा निर्णय प्लास्टिक सर्जनने किंवा या दुखण्याचा अनुभव असलेल्या डॉक्टरने घ्यावा. नकार द्यायचाच असेल तर त्याचं नाव, शाखा, लागू केलेलं कलम आणि कारण पत्रात असावं. नकार जाण्याआधी त्याने उपचार करणाऱ्या सर्जनशी बोलावं. कोणत्याही अहवालाचा आधार घेतला असेल, तर तो अहवाल पूर्ण उद्धृत करावा किंवा सोबत जोडावा.

एकदा पूर्वमंजुरी दिली की शस्त्रक्रियेनंतर वजन कमी भरलं म्हणून ती मागे घेऊ नका.

नियामकांना माझी वेगळी विनंती आहे. कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळण्याच्या कलमात 'वैद्यकीय गरज' याचा अर्थ प्रत्येक कंपनी स्वतःच्या सोयीने लावते. लक्षणं असलेल्या रुग्णांसाठी ब्रेस्ट रिडक्शनचा त्यात नावाने उल्लेख करा. या शस्त्रक्रियेचे किती अर्ज आले, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने, हे कंपन्यांना दरवर्षी जाहीर करायला लावा. आणि केवळ ग्रॅम किंवा वजनाच्या कारणावरून बंद झालेल्या फाइली, त्या स्त्रियांना पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायला न लावता, नव्या निकषाने तपासण्याचे आदेश द्या.

या पत्राचं उत्तरही जाहीरपणे द्यावं. माझ्या रुग्णांपैकी ज्यांनी संमती दिली आहे, त्यांच्या उपचारांच्या संपूर्ण नोंदी मी तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर बसून, पान न पान समजावून द्यायला तयार आहे. वेळ आणि जागा तुम्ही ठरवा.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट